नवे स्केटिंग बूट तापवून बसवले, तरी घोटा पुन्हा पुन्हा का सोलतो?

तक्रार ठरलेली असते. नवे बूट येतात, घरच्या ओटीजीत, म्हणजे छोट्या विजेच्या ओव्हनमध्ये, तापवून पायावर बसवले जातात, आठ-दहा दिवस सगळं छान चालतं. मग आतल्या घोट्यावर तोच लाल चट्टा आणि त्यावर तोच फोड. बूट पुन्हा तापवतात, पुन्हा आठवडाभर बरं वाटतं, पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला बूट विकायला निघतात.

बूट बहुतेक वेळा वाईट नसतात. दुखतं घोट्यावर, पण कारण टाचेत, इनसोलमध्ये, चाकं धरणाऱ्या फ्रेममध्ये किंवा गाडीच्या डिकीत दडलेलं असतं. दुखतं तीच जागा पुन्हा पुन्हा तापवत राहिलं तर कारण जागच्या जागी राहतं आणि बूट मात्र दर वेळी थोडा आणखी सैल होतो. म्हणून ओव्हन लावण्याआधी अर्धा तास तपासणीला द्या.

लिपस्टिकची चाचणी

घोट्याच्या हाडाच्या सर्वांत वर आलेल्या टोकावर लिपस्टिकचा ठिपका द्या. ओलं कुंकूही चालतं, पण फिकट अस्तरावर पडलेला त्याचा डाग नंतर निघत नाही. मोजा न घालता पाय अलगद बुटात सरकवा, नेहमीसारखी लेस बांधा आणि उभं राहून वीस वेळा गुडघे वाका. मग बूट काढून अस्तरावर उमटलेली खूण बघा.

नेटका गोल ठिपका उमटला असेल तर तो दाब आहे. हाड त्या जागी टेकतंय आणि तिथे जागा करून द्यायला हवी. हे काम उष्णतेचं.

ठिपक्याऐवजी वर-खाली फाकलेली रेघ असेल तर ते घर्षण. टाच बुटात उचलली जातेय आणि प्रत्येक ढकलीला घोटा अस्तरावर घासतोय. इथे घोट्याजवळ तापवून जागा केली की पाय आणखी हलतो आणि फोड लवकर येतो. 'तापवलं तरी पुन्हा तेच' म्हणणाऱ्यांच्या बुटात अशी रेघच जास्त वेळा सापडते.

दुसरी खूण वेळेची. बसल्या बसल्या पाच मिनिटांत दुखायला लागलं तर दाब. बसून काहीच होत नाही, पण पंचवीस-तीस फेऱ्यांनी जळजळतं तर घर्षण. बूट काढल्यावरचा लाल चट्टा दहा मिनिटांत विरला तर काळजी नको. अर्ध्या तासानंतरही तसाच राहिला तर ती जागा टिपून ठेवा.

टाच उचलली जाते, कारण बूट मोठा असतो

मुलांचे बूट घेताना 'पुढल्या वर्षीही चालायला हवेत' म्हणून दोन नंबर मोठे घेतले जातात. युरोपियन मापात एक नंबर म्हणजे सुमारे ६.७ मिमी, म्हणजे दोन नंबरांत १३ मिमी. एवढ्या मोकळ्या जागेत टाच धरून ठेवणं कुठल्याही लेसला जमत नाही. उष्णतेने बूट रुंदीला काही मिमी सुटतो किंवा एखाद्या जागी खोलगट होतो. लांबी कमी होत नाही आणि वाढतही नाही. त्यामुळे लांबीत चुकलेला बूट ओव्हनमध्ये घालू नका, परत करा. एकदा तापवलेला बूट दुकानदार परत घेत नाही.

माप संध्याकाळी घ्या. दिवसभराच्या उकाड्यात पाय थोडा सुजलेला असतो आणि सरावही बहुधा त्याच वेळी असतो. भिंतीला टाच टेकवून कागदावर उभं राहायचं, वजन त्याच पायावर घ्यायचं आणि सर्वांत लांब बोटाच्या टोकाशी खूण करायची. काहींचं दुसरं बोट अंगठ्याहून लांब असतं, तिकडे लक्ष असू द्या. दोन्ही पाय मोजा आणि मोठ्या पायाचं माप धरा. शर्यतीच्या फायबर बुटात पायापेक्षा ३ ते ५ मिमी जास्त पुरे, शिकणाऱ्या मुलाला ८ ते १० मिमी. म्हणजे २३२ मिमीच्या पायाला शर्यतीसाठी आतून २३५ ते २३७ मिमीचा बूट.

कडक प्लास्टिकच्या कवचाचे इनलाइन (एका रांगेत चाकं असलेले) स्केट असतील तर लायनर, म्हणजे आतला मऊ बूट, बाहेर काढा, नुसत्या कवचात पाय घाला, बोटं पुढे टेकवा आणि टाचेमागे बोट घालून बघा. एक बोट आरामात गेलं तर ठीक, दोन दाटून गेली तर सैलसर. तीन गेली तर तो बूट त्या पायाचा नाही.

बूट थोडासाच मोठा असेल तर टाच धरायचे उपाय आहेत. घोट्याच्या मागे, टाचेच्या शिरेच्या दोन्ही बाजूंना जे खळगे असतात तिथे ३ ते ५ मिमी जाडीच्या फोमच्या लांबट पट्ट्या लायनरला बाहेरून चिकटवा. पट्टी हाडावर चढता कामा नये, खळग्यातच राहिली पाहिजे. इनसोलखाली जाड थर घालणं हा सोपा वाटणारा उपाय, पण त्याने पाय वर उचलला जातो आणि घोट्याचं हाड आपल्या खळग्यातून बाहेर पडतं. बूट बसवून झाल्यावर हौसेने जेलचं इनसोल घालणाऱ्यांचं नेमकं हेच होतं: तीन मिमीने पाय वर, आणि दोन आठवडे गप्प असलेला घोटा पुन्हा बोलू लागतो. इनसोल बदलायचं असेल तर आधी बदला, मग तापवा.

कोणता बूट तापवायचा, कोणता नाही

कंपनीच्या कागदावर किंवा बुटाच्या आत 'हीट मोल्डेबल' किंवा 'थर्मो मोल्डेबल' लिहिलेलं असेल तरच. फायबर किंवा कार्बनचा तळ असलेले स्पीड बूट बहुतेक या वर्गात येतात. जाळीदार कापडाचे, नंबर कमी-जास्त करता येणारे मुलांचे स्केट तापवून काही मिळत नाही; त्यांचा गोंद सुटतो, एवढंच. कातडी क्वाड (दोन-दोन चाकांच्या दोन जोड्यांच्या) बुटांची रीत वेगळी आहे, ती पुढे येते.

तापमान आणि वेळ कंपनीच्या कागदावर असेल तीच खरी. कागद हरवला असेल तर साधारण ८० अंश सेल्सिअस आणि १२ ते १५ मिनिटं ही सावध सुरुवात. ९० च्या पुढे जाऊ नका. तिथून पुढे तळाचा गोंद मऊ पडतो, कृत्रिम कातडं फुगतं आणि फायबरचे थर एकमेकांपासून सुटू शकतात. सुटलेले थर पुन्हा जुळत नाहीत.

ओटीजीच्या बटणावरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. केक भाजताना पंधरा अंश इकडे-तिकडे चालून जातात, इथे नाही. ओव्हनमध्ये ठेवायचा साधा थर्मामीटर आणा. ओव्हन थर्मामीटरने ८५ दाखवेपर्यंत तापवायचा, बंद करायचा आणि मग बूट आत ठेवायचा. पारा ७५ खाली आला तर फक्त खालचा रॉड मिनिटभर लावायचा. बेबिंकाला, गोव्याच्या थरांच्या गोड पदार्थाला, वरची आच लागते, बुटाला अजिबात नको: तापलेल्या वरच्या रॉडखाली बुटाचा गळा पटकन करपतो. मायक्रोवेव्ह कधीच नाही, आयलेट, म्हणजे लेसच्या भोकांच्या कड्या, धातूचे असतात. आणि पदेराची (गोव्यातल्या पाववाल्याची) भट्टी पावासाठीच राहू द्या, तिथली उष्णता बुटाला लागते त्याच्या कैक पट असते.

तापवण्याची रीत

फ्रेम काढण्याआधी तिच्या चारही बाजू तळावर मार्कर पेनने आखून घ्या. ही एक रेघ पुढचा महिनाभराचा त्रास वाचवते. का ते फ्रेमच्या भागात. बोल्ट काढून डबीत ठेवा, लेस सैल करा, जीभ पुढे ओढून ठेवा आणि इनसोल बाहेर काढा.

आता फोमचा ठिगळ. इथे बरेच जण उलटं करतात. तापवताना ठिगळ नेमका हाडावर लावायचा असतो: ३ मिमी फोमचा, रुपयाच्या नाण्याएवढा, कागदी टेपने त्वचेवर चिकटवलेला. त्याच्यामुळे मऊ झालेल्या कवचात हाडापेक्षा किंचित मोठा खळगा पडतो. बूट गार झाला की ठिगळ काढून टाकायचा. रोजच्या सरावात वापरायचा ठिगळ वेगळा: तो मेदूवड्यासारखा, मधे भोक असलेला, आणि हाडाच्या भोवती बसणारा. सरावात हाडावरच जाड ठिगळ लावला तर दाब कमी व्हायच्या ऐवजी वाढतो.

एका वेळी एकच बूट तापवा. जाळीवर जाड सुती कापडाची घडी घालून त्यावर ठेवा, भिंतींना कुठेही टेकू देऊ नका. बारा मिनिटांनी घोट्याजवळची बाजू अंगठ्याने दाबून बघा. किंचित दबली तर झालं. नाही दबली तर आणखी दोन-तीन मिनिटं द्या, पण तापमान वाढवू नका.

बाहेर काढल्यावर आतल्या आयलेटवर आणि धातूवर बोट टेकवून चटका बसत नाही ना, याची खात्री करा. मुलाच्या पायाच्या बाबतीत मिनिटभर जास्त थांबा. इनसोल परत घाला. मोजा तोच, जो सरावाला वापरता, कारण जाड मोज्यावर बसवलेला बूट पातळ मोज्यात सैल होतो. पाय घातल्यावर टाच दोन-तीनदा जमिनीवर हलकेच आपटून मागे बसवा, मग खालून वर लेस ओढा. ओढ नेहमीच्या सत्तर टक्के ठेवा. गरम कातड्यातून आयलेट उपटून येतात.

खुर्चीवर बसा, गुडघा बोटांच्या रेषेत थोडा पुढे ठेवा. उभं राहू नका, चालू तर मुळीच नका, नाहीतर मऊ तळ वाकतो. दोन्ही तळव्यांनी घोट्याखालचा आणि टाचेमागचा भाग आत दाबून धरा. टाच पकडणारे खळगे याच वेळी तयार होतात आणि सर्वांत जास्त दुर्लक्ष इथेच होतं.

आता थांबायचं. तीन-चार मिनिटांत पाय बाहेर काढला तर कवच अर्धवट मऊ असतानाच मोकळं होतं आणि पुन्हा आपल्या जुन्या आकाराकडे सरकतं. आपल्याकडच्या उकाड्यात बूट हळू गार होतो, म्हणून पंख्याखाली बसून वीस मिनिटं तरी द्या. बाहेरून हात लावल्यावर कुठेच कोमट लागता कामा नये. गार करायला फ्रिज किंवा ओलं फडकं वापरू नका. काढल्यावर चोवीस तास बूट वापरू नका.

एकाच लहान जागेचा प्रश्न असेल, करंगळीच्या मुळाशी फुगलेलं हाड हे नेहमीचं, तर अख्खा बूट तापवू नका. हीट गन सर्वांत कमी आचेवर, १५ सेंमी लांबून, सतत फिरवत दीड-दोन मिनिटं. मग आतून स्क्रूड्रायव्हरच्या मुठीचं गोल टोक त्या जागी दाबून गार होईपर्यंत धरा. केसांचा ड्रायर प्लास्टिकच्या पातळ कवचाला पुरतो, कार्बनला पुरत नाही.

बसलेला बूट पुन्हा बिघडतो तो इथे

एप्रिल-मे महिन्यांत दुपारी उन्हात बंद ठेवलेल्या मोटारीच्या आत तापमान सहज ५५ ते ६० अंशांवर जातं. काचेमागे, थेट उन्हात त्याहून जास्त. ८० अंशांना मऊ व्हावी म्हणून बनवलेली राळ ६० लाही थोडी ढिली पडते. बूट तेव्हा रिकामा, लेस सुटलेली, वर हेल्मेट आणि पाण्याच्या बाटल्या. दोन-तीन दुपारी असं झालं की घोट्याचा खळगा पुसला जातो आणि बुटाचा गळा आत वाकतो. स्कूटरच्या सीटखालची जागा तर खाली इंजिन, वर ऊन. शाळेतून थेट सरावाला जाणाऱ्या मुलांचे बूट दिवसभर तिथेच पडून असतात.

बूट सोबत घेऊन उतरा. तेच शक्य नसेल तर आत वर्तमानपत्राचे घट्ट बोळे भरा, लेस बांधा आणि सीटच्या पायाशी सावलीत ठेवा. बूट आधीच वाकला असेल तर पुन्हा तापवावा लागेल. एवढं एकच कारण असेल तर त्याने काम होतं.

फ्रेम

तापवल्यानंतर फ्रेम परत बसवताना दोन मिमी इकडे-तिकडे झाली तरी घोटा आत किंवा बाहेर कलतो. कललेला घोटा बुटाच्या भिंतीवर टेकतो आणि दोष बुटाला जातो. आखलेल्या रेघा असतील तर प्रश्नच नाही. नसतील तर सुरुवात अशी: मागे फ्रेम टाचेच्या मध्यावर, पुढे अंगठा आणि दुसरं बोट यांच्या मधल्या फटीखाली. समतल फरशीवर उभं राहून समोरून फोटो काढायला सांगा. घोटे आत पडत असतील तर फ्रेम आतल्या बाजूला एक मिमी सरकवा, बाहेर पडत असतील तर बाहेर. एका वेळी एकच मिमी, एकच टोक, आणि मधे एक पूर्ण सराव. एकदम तीन गोष्टी बदलल्या की कशाने फरक पडला ते कळत नाही.

चाकांची झीजही बघा. फक्त आतली कड झिजत असेल तर पाय आत पडतोय आणि घोट्याच्या फोडाचं मूळ तिथे असू शकतं.

तळवा बधिर होतो, पोटरीपुढे ठणकतं

हे दोन्ही बहुधा लेसचे प्रताप. टाच सुटते म्हणून सगळी लेस करकचून आवळली जाते, आणि पावलाच्या वरच्या शिरा व नसा दबतात. खालची तीन-चार आयलेट सैल ठेवा, बोटं हलली पाहिजेत. पावलाच्या वळणापाशी, जिथे पाऊल संपून पोटरी सुरू होते, तिथे लेसला दुहेरी पीळ द्या, म्हणजे वरची ओढ खाली उतरत नाही. त्याच्या वर पुन्हा घट्ट. मेणाची लेस असेल तर हा पीळ सरकत नाही.

घोट्याच्या वर, पुढच्या शिरेवर लेसची ओळ रुतत असेल तर तेवढी एक जोडी सोडा आणि लेस त्या भागात सरळ उभी वर न्या. जीभ बाजूला सरकलेली असते हे दुसरं कारण. जिभेला मधोमध चीर असेल तर त्यातून लेस ओवा, नसेल तर आतून वेल्क्रोचा तुकडा चिकटवा.

तळव्याच्या कमानीत पहिल्या आठवड्यात पेटके येणं वेगळं. तिथे स्नायू नवे काम शिकत असतात. पहिले तीन दिवस वीस मिनिटं, मग अर्धा तास, मग पाऊण. दोन आठवड्यांनीही पेटके तसेच असतील तर कमानीखाली इनसोल कमी पडतंय.

कातडी क्वाड बूट

रोलबॉल (स्केटवर खेळायचा चेंडूचा खेळ) आणि आर्टिस्टिक स्केटिंगसाठी लागणाऱ्या कातडी क्वाड बुटांना ओव्हन नाही, जोवर कंपनी स्पष्ट सांगत नाही. त्यांना ताण द्यायचा. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी सम प्रमाणात मिसळून आतून फक्त दुखऱ्या जागी फवारा, पण डाग पडतो का ते आधी जिभेच्या मागे बघा. मग पातळ मोज्यात बूट घालून वीस मिनिटं घरात बसा. जास्त ताण हवा असेल तर चपला-बूट दुरुस्त करणाऱ्याकडे लाकडी साचा असतो. गोव्यात असाल तर म्हापशाच्या किंवा मडगावच्या बाजारात विचारा. साच्याला नेमक्या जागी गोल बटण लावून रात्रभर ठेवायला सांगा. वाफ आणि गरम पाणी नको, कातडं वाळताना आकसतं आणि तडकतं.

पावसाळ्यात

जून ते सप्टेंबर बूट कधी पूर्ण सुकतच नाहीत. ओली त्वचा अस्तराला जास्त पकडते, म्हणून पूर्ण बसलेल्या बुटातही जुलैत फोड येतात. सुती मोजे घाम धरून ठेवतात. पातळ नायलॉन किंवा पॉलिस्टरचे वापरा आणि सरावाच्या मधे बदला. घरी आल्यावर इनसोल काढून वेगळं ठेवा, बुटात वर्तमानपत्र भरा, तासाने ते बदला, मग पंख्याखाली ठेवा. फ्रिजमागे आणि गॅसजवळ ठेवू नका.

पांढरी बुरशी आली तर कृत्रिम अस्तर पांढऱ्या व्हिनेगरने, तेवढंच पाणी मिसळून, पुसा. माडाचं व्हिनेगर विंदालूसाठी राहू द्या, त्याचा डाग आणि वास दोन्ही मागे राहतात. कातडं कोरड्या ब्रशने साफ करा.

पणजीच्या मिरामार किनाऱ्याच्या बाजूला फिरायला स्केट नेत असाल तर परतल्यावर लायनर काढून झटका. वाळूचे चार कण टाचेखाली राहिले की पॉलिश पेपरसारखं काम करतात. खाऱ्या हवेत फ्रेमचे बोल्ट गंजतात आणि पुढच्या वेळी फ्रेम काढताना बोल्टचं डोकं अॅलन कीने घासून जातं. महिन्यातून एकदा बोल्ट काढून, पुसून, ग्रीसचं बोट लावून परत बसवा. रेघा आखलेल्या असतीलच.

फोड आलेला असेल तर लहान फोड फोडू नका. भोवती भोकाचा ठिगळ लावून दोन-तीन दिवस बूट बाजूला ठेवा. भोवतीची लाली पसरत असेल, पू दिसत असेल किंवा मधुमेह असेल तर डॉक्टरांना दाखवा. त्वचा भरल्यावर पहिली गोष्ट, लिपस्टिकची चाचणी पुन्हा करा. आधी रेघ होती आणि आता ठिपका दिसला तर टाच जागेवर बसली आहे, म्हणजे आता तापवायला हरकत नाही.